खाचरावरचा गालिचा

मुळशीतल्या कासार आंबोलीच्या बंगल्यांमध्ये कुणाच्या हातून काही सांडलं, की आधी देवाचं नाव निघतं आणि लगेच गोजराबाईचं. शनिवार-रविवारी पुण्याहून, हिंजवडीहून गाड्या भरून माणसं येतात, अंगणात कोळशावर कोंबड्या भाजतात, कानठळ्या बसतील अशी गाणी लावतात, आणि सोमवारी सकाळी जाताना गालिच्यावर असं काही ठेवून जातात की बघणाऱ्याची छातीच दडपावी. गोजराबाईची दडपत नाही. ती पदर खोचते, गुडघ्यांवर बसते आणि थेट डागाला नाक लावते. साठी उलटली, चष्मा लागला, पण नाक अजून तल्लख आहे. कशाचा डाग आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे तिचं पहिलं शास्त्र. पाहुणे लाजेकाजेस्तव खोटं सांगतात, डाग खोटं सांगत नाही.

तिची सगळी औषधं त्याच घरच्या स्वयंपाकघरात सापडतात. लाल दारू सांडली तर तिच्यावर मुठीनं मीठ, ते सगळं पिऊन फुगलं की झाडून टाकायचं. तेलाचा ओघळ असेल तर तांदळाचं पीठ भुरभुरून तासभर गप्प बसायचं. मेणबत्तीचं मेण सांडलं तर वर्तमानपत्र ठेवून गरम इस्त्री फिरवायची, मेण आपलं आपण कागदात चढतं. च्युइंगमला बर्फ. चहाला व्हिनेगर आणि पाणी. हळदीला मात्र साबण लावायचा नाही, लावला की ती लालभडक होऊन बसते, हे शहरातल्या शिकलेल्या बायकांना अजून माहीत नसतं याचं तिला भारी नवल वाटतं. आणि काहीही असो, घासायचं नाही, टिपायचं. फडकं ठेवायचं, तळव्यानं दाबायचं, उचलायचं. "घासलास की डाग खाली जातोय आन् तितंच संसार मांडतोय," असं ती आपल्या सुनेला, स्नेहलला, सांगते. स्नेहल हसते. सासूच्या बोलण्यात किती खोल पाणी आहे हे तिला कळायचं काही कारण नव्हतं.

बारा-तेरा बंगल्यांच्या किल्ल्या गोजराबाईच्या कमरेला असतात. त्यातली एक किल्ली मृण्मयी आणि दिग्विजय यांच्या बंगल्याची. दोघंही हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत, ती लातूरकडची, तो जळगावचा. माणसं भली, बोलायला गोड. त्यांचा बंगला ज्या जमिनीवर उभा आहे ती गोजराबाईच्या नवऱ्याची, एकनाथची. गावात अजून त्या जागेला एकनाथचं खाचरच म्हणतात. गुडघाभर चिखलात गोजराबाईनं तीस वर्षं तिथं भात लावला. जमीन विकली गेली, बंगला झाला, आणि ही बाई आपल्याच खाचरावरच्या फरशीवर फडकं मारायला लागली. लोक बोलले. लाज नाही का, म्हणाले. तिनं बोलू दिलं. कारण ती तिथं का जाते हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं, एकनाथलासुद्धा नाही.

त्या खाचराच्या कोपऱ्यात, बांधावरच्या करंजाखाली, तिचं पहिलं मूल पुरलेलं होतं.

अडतीस वर्षं झाली त्याला. मुलगा होता, अकरा दिवसांचा. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बायका जात नाहीत. एकनाथनं त्याला धोतराच्या पानात गुंडाळून छातीशी धरलं आणि दोन चुलतभावांना घेऊन तो निघाला. निघण्याआधी तो स्वयंपाकघरात गेला. बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या गोजराबाईनं मिठाच्या बरणीचं झाकण निघाल्याचा आवाज ऐकला. खड्ड्यात मीठ घालतात, हे तिला माहीत होतं. आपल्या घरातलं मीठ, आपण भरलेली बरणी, आणि आपल्याला मूठभर टाकायलासुद्धा जाता येत नाही, एवढंच तिच्या मनात राहिलं. पुढे चार दिवस दूध येत राहिलं. सासूनं ओल्या फडक्यानं छाती आवळून बांधली. त्यानंतर दोन मुलगे झाले, मोठे झाले, लग्नं झाली, पण नवराबायकोनं त्या पहिल्याचा शब्द कधी काढला नाही. तिला वाटायचं, हा विसरला. पुरुषाला काय, खांद्यावरून उतरवलं की झालं.

जमीन विकायची ठरली तेव्हा ती एकच वाक्य बोलली होती. "त्यो करंजाचा कोपरा तेवढा सोडा." एकनाथ बरं म्हणाला. मग सह्या झाल्या, करंज पडला, आणि कोपराही गेला. त्या दिवसापासून तिनं नवऱ्याला कधी माफ केलं नाही. जेवायला वाढलं, औषधपाणी केलं, पण मनातून माफ केलं नाही.

बंगल्याच्या कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं पावलं मोजली. रस्त्यावरचा विजेचा खांब जुनाच होता. खांबापासून करंजापर्यंत बत्तीस पावलं, हे तिच्या पायांना पाठ होतं. बत्तिसावं पाऊल दिवाणखान्यात पडलं, सोफ्याच्या पुढ्यात, जाड लोकरी गालिच्याच्या कडेला. ती बराच वेळ तिथं उभी राहिली. मग बसली. घरात कुणी नव्हतं, सगळे पडदे ओढलेले होते, आणि बंद घराला असतो तसा कोंदट वास होता. तिला भीती वाटली नाही. उलट इतक्या वर्षांनी पोराच्या उशाशी बसायला मिळालं म्हणून बरं वाटलं. तेव्हापासून दर सोमवारी सगळं काम आटोपलं, की ती पाच मिनिटं तिथं बसायची. बोलायची नाही. नुसता हात ठेवायची.

अशी सात वर्षं गेली. मग गेल्या मे महिन्यात मृण्मयीच्या तान्ह्या मुलीची दुधाची बाटली त्याच जागी कलंडली.

डाग काही अवघड नव्हता. दुधाला गार पाणी, मग खायचा सोडा पेरून ठेवायचा म्हणजे आंबूस वास मुरत नाही. पण गोजराबाईनं सवयीनं नाक लावलं आणि दुधाचा वास येताच हातातलं फडकं खाली ठेवलं. एवढ्या मोठ्या घरात दूध सांडायला हीच जागा मिळावी? ते सांडलं नव्हतं, त्यानं मागून घेतलं होतं, असंच तिच्या मनानं घेतलं. अकरा दिवसांत त्याला पोटभर मिळालं तरी कुठं होतं. सोडा झाडून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, खड्याच्या मिठाची बरणी उघडली, एक मूठ घेतली, आणि गालिच्याची कड उचलून खालच्या फरशीवर पसरली. अडतीस वर्षांपूर्वी राहिलेली मूठ तिनं त्या दिवशी टाकली. पुढच्या सोमवारी आणखी एक. मग तो नेमच झाला.

जुलैत तो डाग उमटला.

तपकिरी, गोल, कडेला गडद. हात लावला तर ओला. वास मात्र कशाचाच नाही. वास नसलेला डाग गोजराबाईनं आयुष्यात पाहिला नव्हता. तिनं व्हिनेगरच्या पाण्यानं टिपला, वरून पीठ टाकलं, पंखा लावून वाळवला. गेला. सोमवारी परत आली तर तिथंच, आणि बोटभर मोठा. पुन्हा काढला, पुन्हा आला. ऑगस्टमध्ये तो जेवणाच्या ताटाएवढा होता, गणपती येईतो सुपाएवढा झाला. दर सोमवारी बंद बंगल्याचं कुलूप काढायचं, दार उघडायचं, अंधुक उजेडात सोफ्याच्या पुढ्यात बघायचं, आणि तो असायचाच. गावातल्या इतर बंगल्यांतले डाग मुकाट जात होते, हा एकटा तिची वाट बघत बसायचा. काय पायजे रं तुला, असं ती एकदा मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली. मग तिनं एक मूठ मीठ जास्त टाकलं.

मुळशीत जुलै-ऑगस्टात मिठाच्या बरणीचं काय होतं हे तिथल्या पोरीबाळींनाही ठाऊक असतं. झाकण कितीही घट्ट लावा, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि बरणीच्या बुडाशी पाझरत राहतं. गोजराबाईला हे माहीत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या घरात जी अक्कल तिच्या बोटांवर असायची, ती या एका गालिच्यापाशी आली की उंबऱ्याबाहेर थांबायची. डाग वर येतोय तो खालून, एवढंच तिला दिसत होतं. आणि खाली कोण आहे हे तिला माहीत होतं.

शेवटी मृण्मयीनंही तो पाहिला. तिला वाटलं, फरशीखालून ओल येते आहे. पाण्याचा पाइप फुटला असेल, नाहीतर बंगल्याच्या पायातच पाणी असेल. तिनं बंगला बांधणाऱ्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला, नरहरीला, फोन लावला. गुरुवारी माणसं आणतो, म्हणाला, फरशी फोडून बघू. मृण्मयीनं गोजराबाईला सहज सांगितलं, की गुरुवारी जरा लवकर या मावशी, धूळ होईल.

फोडणार. फरशी फोडायच्या यंत्राचं पातं खाली जाणार, कुणीतरी परका माणूस फावड्यानं उपसणार, काय निघालं ते हातात घेऊन बघणार, आणि पोलिसांना बोलावणार किंवा उकिरड्यावर टाकणार. सोमवार ते बुधवार गोजराबाईनं बाकीची सगळी घरं सोडली आणि त्या एका डागाशी झुंजली. डाग गेला तर कुणी फरशीला हात लावणार नव्हतं. तिनं व्हिनेगर ओतलं, सोडा ओतला, फसफसलेलं टिपून घेतलं, पीठ चोळलं, जुन्या पंच्यावरून इस्त्री फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं डाग घासला. वेड्यासारखा घासला. बुधवारी दुपारी गालिचा कोरडा ठणठणीत होता, आणि निघताना तिनं, आता हे शेवटचंच असं म्हणून, दोन्ही ओंजळी भरून मीठ कडेखाली सारलं.

घरी आल्यावर ती गोठ्यात गेली. एकनाथ म्हशीला पाणी दाखवत होता. सात वर्षांत पहिल्यांदा ती त्या विषयावर बोलली. उद्या करंजाच्या जागेची फरशी फोडणार आहेत, म्हणाली. एकनाथनं बादली खाली ठेवली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला,

"फोडू दे."

एवढंच. ती तिथून तडक निघाली. असला दगड आपल्या नशिबी यावा, याचा तिला इतका राग आला की रडूसुद्धा आलं नाही.

गुरुवारी सकाळी तिनं बंगल्याचं दार उघडलं तर डाग परत आला होता. पाटाएवढा.

नऊ वाजता नरहरी आला, सोबत दोन मजूर आणि फरशी फोडायचं यंत्र. मृण्मयी त्याआधीच येऊन जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. मजुरांनी सोफा सरकवला आणि गालिचा गुंडाळायला वाकले, तेव्हा गोजराबाई जाऊन डागावर बसली. मांडी घालून, पदर अंगाभोवती घेऊन. नरहरीला आधी गंमत वाटली. आजी उठा, म्हणाला, लागेल काहीतरी. ती उठली नाही. मृण्मयी जवळ आली, खाली बसली, काय होतंय विचारायला लागली. गोजराबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. हिला पोर आहे, हिला कळेल, असं तिला वाटलं.

"ताई, हितं माजं लेकरू हाय," ती म्हणाली. "अकरा दिसांचं. करंज हुता हितं, त्याच्या बुडाशी. डाग न्हाई ह्यो. त्यो वर येतोय. पाया पडते, फोडू नगा."

मृण्मयीचा चेहरा उतरला. त्या गालिच्यावर तिची मुलगी रांगत होती, हे तिच्या डोळ्यांत आलं आणि गोजराबाईला ते दिसलं. तरीही ती उठून गेली नाही. तिनं गोजराबाईचा हात धरला आणि नरहरीला यंत्र बाहेर न्यायला सांगितलं. फोडायचं नाही, म्हणाली, ओल राहिली तर राहू दे.

नरहरी पंचवीस वर्षं याच धंद्यात होता. ओल कुठून येते हे शोधल्याशिवाय त्याला घास गिळवला नसता. तो हळूच गालिच्याच्या दुसऱ्या बाजूला गेला, कड उचलली, हात आत घातला, आणि ओली बोटं बाहेर काढून बघत राहिला. मग त्यानं एक बोट जिभेला लावलं.

"मीठ हाय हे," तो म्हणाला. "किलोभर तरी असंल. पाणी सुटलंय त्याला. गालिच्याच्या पाठीला ताग हाय, तो भिजला की असा रंग सोडतोय. फरशी कोरडी हाय, ताई. खाली काय बी न्हाई."

गोजराबाईला कळायला क्षणही लागला नाही. इतके महिने जे उंबऱ्याबाहेर थांबलं होतं ते एकदम आत आलं. तो वर येत नव्हता. तिच्याच मुठी वर येत होत्या. तरी तिला सुटल्यासारखं वाटलं, कारण फरशी आता फुटणार नव्हती, पोर खाली निजलेलं राहणार होतं. ती तसं म्हणालीही. आता निजू दे त्याला, म्हणाली.

नरहरी वाईट माणूस नव्हता. पण साइटवरच्या माणसाला खरं काय ते बोलायची सवय असते.

"आजी, हितं कोन ऱ्हायलंय," तो म्हणाला. "खाचराची माती वली, पाया धरत न्हाई. आमी नऊ फूट खाली गेलतो ह्या भागात. सगळी माती काढली आन् मुरूम भरला. तुमाला ठाव न्हाई? एकनाथकाका तर दिसभर हितं उभं हुतं. मातीचा पयला डंपर निघाला त्यामागं कुनाच्या तरी मोटरसायकलवर बसून गेलं पार हिंजवडीपतूर."

गोजराबाई डागावरून उठली. तिनं चपला घातल्या आणि घरी आली.

एकनाथ ओट्यावर बसला होता. कदाचित सकाळपासून तसाच बसला असेल. तिनं विचारलं, माती कुठं टाकली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि अडतीस वर्षांत जो कधी बोलला नव्हता तो माणूस बोलायला लागला. ठेकेदार दोन दिवसांनी खोदणार म्हणाला होता, तो कोपरा हातानं उकरून मूठभर माती तरी काढून घ्यावी असं त्याच्या मनात होतं. पण तो पोचला तेव्हा जेसीबी लागलेला होता. करंजाच्या मुळ्यांसकट यंत्राची बादली भरून वर आली. तो ओरडला, ते कुणाला ऐकू गेलं नाही. काही दिसलं नाही, म्हणाला, ना हाड ना फडकं, नुसती काळी माती. कोपऱ्यातली सगळी माती एकाच डंपरात गेली. तो मागोमाग गेला. हिंजवडीला एका नव्या टॉवरच्या आवारात बगीचा करायचा होता, तिथं ती ओतली. तो परत आला, तेव्हा तिला सांगायचं ठरवून आला होता.

"मग सांगितलं का न्हाई?"

"तू जेवत नव्हतीस. मग त्या बंगल्यात कामाला जायला लागलीस आन् जेवाय लागलीस. मला कळलं, तू कशापायी जातीस ते. म्हनलं, आसू दे."

ती त्याच्या शेजारी बसली. सात वर्षं ती रिकाम्या जागेवर हात ठेवत होती, आणि ह्याला ते ठाऊक होतं. त्याचा राग करावा की त्याला जवळ घ्यावं हे तिला ठरवता येईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, की मला तिथं घेऊन चला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. पिरंगुटला उतरले, घोटावड्याकडून जाणारी सहाआसनी रिक्षा धरली, माणपासून पुढे कंपन्यांच्या गाड्यांच्या रांगेत तासभर अडकले. टॉवर सापडायला त्रास झाला नाही, एकनाथला रस्ता पाठ होता. उंच फाटक, त्यापलीकडे हिरवळ, झोके, घसरगुंडी. सकाळच्या उन्हात दोन-तीन आया पोरांना घेऊन बसल्या होत्या. एक पोर पालथं पडून गवत उपटत होतं. गोजराबाई फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली.

फाटकावरचा वॉचमन बिहारकडचा होता, हातात मोबाइल घेतलेला. कामवाल्यांचं फाटक मागं आहे, म्हणाला. गोजराबाई म्हणाली, कामाला नाही आलो, मुलाला भेटायला आलोय. त्याचा सूर जरा नरमला. आईबाप गावाकडून आले की असेच उभे राहतात, हे त्यानं रोज पाहिलेलं होतं.

"नाम बताइए, माताजी. बेटे का नाम."

बारशाच्या आदल्या दिवशी गेलेल्या पोराला नाव नसतं. अडतीस वर्षं गोजराबाईनं त्याला मनात नुसतं त्यो म्हटलं होतं. आता परतायचं, असं तिला वाटलं, आणि तिनं गज सोडले. तेव्हा मागून एकनाथचा आवाज आला, रोज बोलण्यातलं काही सांगावं तसा सहज.

"वाल्मीक," तो म्हणाला. "वाल्मीक एकनाथ ढमाले."

वॉचमननं नाव मोबाइलवर टाइप केलं आणि तो रहिवाशांच्या यादीत शोधायला लागला.